किडनी उगवता येईल का?

पालीची शेपटी तुटली की काही आठवड्यांत नवी फुटते. पेरूची फांदी छाटली तर छाटल्या जागी दोन नव्या येतात. माणसाच्या शरीरातही असे थोडेफार आहेच. खरचटलेली कातडी भरून येते, रक्तदान केलेले रक्त काही आठवड्यांत भरून निघते, आणि यकृताचा म्हणजे लिव्हरचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला तरी उरलेले यकृत वाढून जवळजवळ पूर्वीएवढे होते. मग किडनीनेच काय घोडे मारले आहे?

हा प्रश्न माझ्या रुग्णांचा आहे. गेल्या वर्षभरात निदान पाच-सहा जणांनी तो मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला. एका निवृत्त शिक्षकांनी वर्तमानपत्राचे कात्रण जपून आणले होते. एका तरुणाने वडिलांसमोर मोबाईल धरून मला चित्रफीत दाखवली. तीत काचेच्या बशीत गुलाबी रंगाची छोटी किडनी दिसत होती. बोलणे मात्र सगळ्यांचे एकाच ठिकाणी येऊन थांबते. "डॉक्टर, परदेशात आता किडनी तयार करायला लागले म्हणे. मग डायलिसिसचे आणि बदलण्याचे नंतर बघू. आपण थोडे थांबू या का?"

या "थांबू या का" साठीच आजचा लेख आहे. मी मूत्रपिंडतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवणारा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण या विषयावर जे वाचतो ते समजून घेण्याचा प्रयत्न करतो, आणि रुग्णाला उत्तर तर मलाच द्यावे लागते.

किडनी नेमके काय करते?

आपल्या पाठीमागे, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. एवढ्याशा अवयवाला हृदय आपल्या एकूण रक्तपुरवठ्याचा सुमारे पाचवा हिस्सा देते. दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पंधरा लिटरची घागर धरली तर बारा घागरी झाल्या. यातला दीड-दोन लिटर भाग लघवी म्हणून बाहेर जातो आणि बाकीचे सगळे पाणी, साखर, मीठ, क्षार पुन्हा मोजूनमापून रक्तात परत घेतले जातात.

किडनीला आपण सहज गाळणी म्हणून मोकळे होतो. चहाच्या गाळणीला काय ठेवायचे आणि काय टाकायचे एवढेच कळते, तेही चोथ्याच्या आकारावरून. किडनी आधी जवळजवळ सगळेच खाली सोडते आणि मग हवे ते एकेक करून परत उचलते. तुम्ही उन्हात कापूस वेचून आलात तर लघवी घट्ट करते, लग्नात चार ग्लास मठ्ठा प्यालात तर पातळ करते. याशिवाय रक्त तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला पाठवणे, ड जीवनसत्त्व कामाचे करून देणे आणि रक्तदाब सांभाळणे ही कामेही तिच्याकडेच आहेत. म्हणून तर किडनीच्या जुन्या रुग्णाचे रक्त कमी होते, हाडे दुखतात आणि रक्तदाब वाढतो.

हे सर्व काम करणाऱ्या सूक्ष्म घटकाला नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत असे सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, त्याला जोडलेली एक लांब, वळणे घेत जाणारी नळी, आणि ती नळी शेवटी मोठ्या सामाईक नळीला मिळते. एखाद्या गावाच्या पाणीयोजनेसारखे हे आहे. घराघरातली मोरी गल्लीतल्या गटाराला, ते मोठ्या नाल्याला आणि नाला ओढ्याला मिळाला पाहिजे. एका जरी ठिकाणी जोड चुकला तर पाणी घरातच तुंबते. किडनी तयार करताना हा जोडच सर्वांत अवघड ठरला आहे. त्याकडे पुढे येतोच.

बियाणे संपलेले शेत

मूल आईच्या पोटात पाच आठवड्यांचे असते तेव्हा किडनीचे काम सुरू होते. एका बाजूने एक नळीसारखा कोंब वाढत येतो आणि दुसऱ्या बाजूला पेशींचा एक पुंजका वाट पाहत असतो. दोघांची गाठ पडली की ते एकमेकांना रासायनिक निरोप देऊ लागतात. पुंजका कोंबाला सांगतो, फांद्या फोड. कोंब पुंजक्याला सांगतो, आता तू नेफ्रॉन हो. फांदीला फांदी फुटत जाते आणि प्रत्येक टोकाशी नवे नेफ्रॉन तयार होत राहतात.

हा उद्योग गरोदरपणाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालतो आणि मग कायमचा बंद होतो. नेफ्रॉन बनवणाऱ्या त्या मूळ पेशींचा साठाच संपतो. जन्माला येताना जेवढे नेफ्रॉन मिळाले तेवढ्यावर आयुष्य काढायचे. काही माशांमध्ये मोठेपणीही नवे नेफ्रॉन तयार होतात, माणसात नाही. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुळातच नेफ्रॉन कमी मिळतात असे अभ्यासांत आढळले आहे. गरोदर सुनेच्या ताटात काय पडते याचा पन्नास वर्षांनंतरच्या किडनीशी असा संबंध आहे. सासूबाईंनी हे वाचले तर बरे.

इथे काही वाचक म्हणतील, आमच्या शेजारच्या माणसाला घोणस चावली होती, लघवी पूर्ण बंद झाली, आठ-दहा वेळा डायलिसिस केले, आणि आज तो ठणठणीत शेती करतो. त्याची किडनी कशी परत आली? प्रश्न रास्त आहे. सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस, जोराचे जुलाब अशा अचानक झालेल्या आघातात नेफ्रॉनच्या नळीच्या आतल्या पेशी मरतात, पण नळीचा सांगाडा शाबूत असतो. उरलेल्या पेशी वाढून नळीला आतून पुन्हा अस्तर लावतात. भिंती उभ्या असलेल्या घराचा गिलावा पुन्हा करावा तसे. मधुमेह किंवा रक्तदाब यांनी दहा-पंधरा वर्षांत झालेल्या नुकसानीत मात्र भिंतच पडलेली असते आणि तिच्या जागी चट्टा, म्हणजे वणाची निबर ऊती तयार होते. तिथे गिलावा कशाला करणार? म्हणून शेजाऱ्याचे उदाहरण मधुमेहाच्या रुग्णाला लागू पडत नाही.

शास्त्रज्ञांपुढे आलेला प्रश्न असा होता: शरीराने हरवलेले ते बियाणे प्रयोगशाळेत पुन्हा तयार करता येईल का?

कातडीपासून किडनीपर्यंत

याचे पहिले मोठे उत्तर जपानमधून आले. क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतील पेशींमध्ये चार जनुके घालून त्यांना उलट्या दिशेने नेऊन दाखवले. कातडीची पेशी पुन्हा गर्भावस्थेतल्या पेशीसारखी झाली, म्हणजे तिच्यापासून हृदय, मेंदू, किडनी अशी कोणतीही पेशी बनू शकते. याबद्दल २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. अशा पेशींना मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण बाजारातही तो फार चालतो.

२०१५ साली ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल आणि त्यांचे सहकारी मिनोरू ताकासातो यांनी अशा मूलपेशींना ठरावीक क्रमाने आणि ठरावीक दिवस वाढीचे रासायनिक निरोप दिले. आईच्या पोटात जे घडते त्याचीच नक्कल. काही आठवड्यांत बशीत काही मिलिमीटरचा गोळा तयार झाला. त्यात रक्तवाहिन्यांच्या गुच्छासारखी रचना होती, वळणदार नळ्या होत्या, आणि तो गोळा पहिल्या तीन महिन्यांतील गर्भाच्या किडनीशी मिळताजुळता होता. याला ऑर्गनॉइड म्हणतात. मराठीत अवयवाभास म्हणता येईल. त्या तरुणाच्या मोबाईलवर जे दिसत होते ते बहुधा असेच काहीतरी असावे.

मग अडले कुठे? पहिली अडचण रक्ताची. बशीतल्या गोळ्यात खरे रक्त खेळत नाही, त्यामुळे तो काही मिलिमीटरच्या पलीकडे वाढला की मधला भाग उपाशी मरतो. हॉलंडमधील लायडेनच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली असे गोळे उंदराच्या किडनीच्या आवरणाखाली बसवले, तेव्हा उंदराच्या रक्तवाहिन्या त्यांत शिरल्या आणि गोळे अधिक पक्व झाले. ही आशादायक गोष्ट आहे, पण मुठीएवढी किडनी अजून फार दूर आहे.

दुसरी अडचण वर सांगितलेल्या जोडाची. या गोळ्यांत नळ्या असतात, पण त्या एका सामाईक नाल्याला मिळून बाहेर पडत नाहीत. कोंब आणि पुंजका या दोन्हींची सांगड घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती नीट बसेपर्यंत तयार झालेली लघवी जाणार कुठे?

तिसरी अडचण कमी बोलली जाते, पण एक डॉक्टर म्हणून मला तीच सर्वांत गंभीर वाटते. गोळ्यातल्या सगळ्याच पेशी किडनीच्या होत नाहीत. काही मज्जापेशींसारख्या होतात, काही स्नायूंसारख्या, आणि एखादी मूळ अवस्थेतच राहून गेली तर तिच्यापासून गाठ होण्याची भीती असते. पेरले गहू आणि थोडा कुंदा उगवला तर खुरपता येतो. शरीरात खुरपणार कोण?

तरीही हे गोळे निरुपयोगी नाहीत. आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंडाच्या विकारात किडनीत पाण्याच्या फुग्यांसारख्या गाठी होतात. त्याच बिघाडाचे गोळे बनवून ते फुगे बशीत डोळ्यांदेखत तयार होताना पाहता येतात. एखादे नवे औषध किडनीला अपायकारक आहे का, हे माणसाला देण्याआधी त्यांवर तपासता येते. २०२० साली करोनाचा विषाणू किडनीच्या पेशींत शिरतो का हेही अशा गोळ्यांवर पाहिले गेले. माझ्या समजुतीप्रमाणे पुढची काही वर्षे त्यांचा खरा उपयोग हाच राहील.

घोसाळ्याची जाळी

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तो समजायला सोपा आहे. वेलीवर वाळलेले घोसाळे तुम्ही पाहिले असेल. गर गेलेला असतो आणि उरते ती जाळी, जिने आपण लहानपणी अंग घासत असू. तिच्यात घोसाळ्याचा संपूर्ण आकार आणि सगळे कप्पे जसेच्या तसे असतात.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हॅराल्ड ऑट यांच्या चमूने किडनीचे हेच केले. मेलेल्या उंदराच्या किडनीतून साबणासारखे द्रावण सोडून त्यांनी सर्व पेशी धुऊन काढल्या. मागे राहिली पांढुरकी जाळी. तीत रक्तवाहिन्यांचे आणि नळ्यांचे मार्ग शाबूत होते. मग रोहिणीच्या वाटेने त्यांनी रक्तवाहिन्यांना अस्तर देणाऱ्या पेशी सोडल्या आणि मूत्रवाहिनीच्या वाटेने नवजात उंदराच्या किडनीतील पेशी. काही दिवस यंत्रात वाढवून ही किडनी उंदराला बसवली आणि तिने लघवी तयार केली. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला.

ती लघवी पातळ होती आणि खऱ्या किडनीच्या मानाने गाळण्याचे काम फारच कमी होते. शिवाय ही उंदराची किडनी, माणसाची नव्हे. माणसाची किंवा डुकराची मोठी किडनी धुता येते, तिची जाळीही उत्तम निघते, पण तिच्यात कोट्यवधी पेशी ज्या त्या जागी नेऊन बसवणे जमलेले नाही. अस्तर थोडेही अपुरे राहिले तर रक्त जाळीला लागताच गोठते. जाळी आहे, गर परत भरता येत नाही, अशी स्थिती आहे.

छापलेल्या किडनीची कथा

२०११ साली अमेरिकेतील डॉ. अँथनी अटाला यांनी एका व्याख्यानात मंचावर यंत्राने छापलेली किडनीच्या आकाराची वस्तू दाखवली. जगभर बातमी झाली की किडनी छापली गेली. प्रत्यक्षात तो नमुना होता, काम करणारी किडनी नव्हती. पण बातमी धावत सुटली ती अजून धावते आहे. चौदा-पंधरा वर्षांनंतर तीच चित्रे नव्या मथळ्याखाली फिरताना मी पाहिली आहेत.

अटाला हे काही हवेत बोलणारे गृहस्थ नव्हेत. जन्मतः कण्याच्या दोषामुळे मूत्राशय खराब झालेल्या सात मुलांना त्यांनी त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले मूत्राशय जोडले होते, आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. मात्र मूत्राशय ही शेवटी एक पिशवी आहे. पिशवी शिवणे वेगळे आणि दहा लाख नेफ्रॉनचा कारखाना उभारणे वेगळे. त्या पिशवीचेसुद्धा पुढे दुसऱ्या चाचणीत तसे फळ मिळाले नाही, आणि आजही ती नेहमीच्या उपचारात आलेली नाही. छपाईच्या तंत्राने हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या प्रयोगशाळेत २०१६ साली नेफ्रॉनच्या नळीचा एक भाग तयार झाला. एका नळीचा एक भाग. एवढ्यावरून अंतराची कल्पना यावी.

डुकराच्या पोटात

तिसरा मार्ग ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. शरीराबाहेर किडनी वाढत नसेल तर दुसऱ्या प्राण्याच्या गर्भात वाढवावी, असा हा विचार. ज्या गर्भाला स्वतःची किडनी बनवताच येत नाही असा गर्भ जनुकांत बदल करून तयार करायचा आणि त्यात दुसऱ्याच्या मूलपेशी सोडायच्या. रिकाम्या जागेत त्या पेशी आपली किडनी उभारतात. २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदरात लहान उंदराची किडनी अशी वाढवली.

२०२३ साली चीनमधील ग्वांगझौ येथे डुकराच्या गर्भात मानवी मूलपेशी सोडल्या गेल्या. १,८२० गर्भ तेरा माद्यांच्या गर्भाशयात ठेवले, त्यांतले पाच तपासण्यासाठी काढले, आणि २८ दिवसांपर्यंत वाढलेल्या त्या गर्भांच्या किडनीत निम्म्याहून अधिक पेशी मानवी आढळल्या. हीसुद्धा गर्भातली तात्पुरती किडनी होती, जन्मानंतर कामाला येणारी नव्हे. प्रयोग तिथेच थांबवला गेला. त्याला आणखी एक कारण आहे. गर्भाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूतही काही थोड्या मानवी पेशी सापडल्या. डुकराच्या मेंदूत माणसाच्या पेशी वाढू द्यायच्या का, हा प्रश्न शास्त्राइतकाच समाजाचाही आहे.

याच्याशी गल्लत होते अशी आणखी एक गोष्ट आहे. जनुकांत बदल केलेल्या डुकराची स्वतःची किडनी माणसाला बसवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये ६२ वर्षांच्या जिवंत रुग्णाला अशी पहिली किडनी बसवली. ते सुमारे दोन महिन्यांनी वारले. मृत्यू त्या किडनीमुळे झाल्याचे दिसले नाही असे रुग्णालयाने सांगितले. त्यानंतर एका महिलेत ती १३० दिवस आणि दुसऱ्या एका रुग्णात २७१ दिवस चालली, मग काढावी लागली. २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. हा किडनी उगवण्याचा मार्ग नाही, उसनी घेण्याचा आहे. पण तुमच्या-माझ्यापर्यंत काही लवकर पोचलेच तर ते या वाटेने पोचेल, असे मला वाटते. कॅलिफोर्नियात शुवो रॉय आणि त्यांचे सहकारी सिलिकॉनची गाळणी आणि जिवंत पेशी एकत्र करून शरीरात बसवायचे यंत्र करत आहेत. त्यातील पेशींचा भाग त्यांनी २०२३ साली डुकरात आठवडाभर चालवून दाखवला.

या सगळ्याचे आकर्षण काय, तेही सांगायला हवे. आज दुसऱ्याची किडनी बसवली की शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात. त्यांनी जंतुसंसर्ग होतो, साखर वाढते, खर्च तर विचारूच नका. स्वतःच्याच कातडीपासून वाढवलेली किडनी असेल तर बहुधा यातून सुटका होईल आणि कुणा आईला किंवा बायकोला टेबलावर झोपावे लागणार नाही. माझ्या पाहण्यात तरी देणारी बहुतेक वेळा बाईच असते. त्यामुळे या संशोधनाची मला मनापासून आस्था आहे.

इंजेक्शनचा बाजार

आता ज्याच्यासाठी हे सर्व लिहिले त्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ येत असत. मधुमेह जुना, क्रिॲटिनिन साडेपाच. तज्ज्ञांनी सांगितले होते, हातावर फिस्टुला करून घ्या, धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार आहे तर त्याच्या तपासण्या सुरू करा. सर्व ठरले. मग कुणीतरी एका मोठ्या शहरातल्या केंद्राचा पत्ता दिला. तिथे मूलपेशींची इंजेक्शने देऊन किडनी पुन्हा तयार करतात म्हणे. चार इंजेक्शने, चार लाख रुपये. रानाचा तुकडा विकला. मी नको म्हणालो तर मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही जुन्या काळातले." बोलण्यात राग नव्हता, आशा होती. अशा वेळी वाद घालता येत नाही.

पाच महिन्यांनी रात्री अकरा वाजता त्यांना धाप लागलेल्या अवस्थेत आणले. फुफ्फुसांत पाणी, पोटॅशियम वाढलेले. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून मानेतल्या शिरेत नळी घालून तातडीचे डायलिसिस करावे लागले. जीव वाचला. पण त्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, दीड महिना रुग्णालयात गेला आणि भावाच्या तपासण्यांचे पैसे इंजेक्शनांत गेलेले. आज ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. रक्ताच्या काही विकारांत अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. किडनी निकामी होण्यावर मूलपेशींचे इंजेक्शन हा मान्य उपचार नाही. ते फक्त रीतसर, नोंदलेल्या आणि नैतिकता समितीने संमत केलेल्या चाचणीतच देता येते, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी असे काही सुचवले तर आधी विचारा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? समितीचे संमतिपत्र दाखवा. आणि पैसे कशाचे घेता? तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक ठिकाणी बोलणे संपते.

किती वर्षे लागतील?

कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. मागे पाहून थोडा अंदाज येतो. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली महायुद्धाच्या धामधुमीत डायलिसिसचे यंत्र बनवले, त्यासाठी मांसाच्या सॉसेजला वापरतात तसल्या आवरणाच्या नळ्या घेतल्या. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली एक बाई वाचली. आपल्या देशात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना डायलिसिस मिळावे यासाठीची राष्ट्रीय योजना सुरू झाली २०१६ साली. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी भावाला बसवली डिसेंबर १९५४ मध्ये, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यशस्वी रोपण झाले १९७१ साली. म्हणजे माणसात यश आल्यानंतरही सतरा वर्षे. आणि उगवलेली किडनी अजून एकाही माणसाला बसवलेली नाही. ज्यांचे क्रिॲटिनिन आज पाच आहे त्यांच्याकडे एवढा वेळ नसतो.

वेळ मिळवता मात्र येतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिॲटिनिन तपासावे. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली सूज, पायावर सूज ही लक्षणे येईपर्यंत थांबलात तर निम्मे नेफ्रॉन बहुधा गेलेले असतात. रक्तदाबाची काही औषधे लघवीतून जाणारी प्रथिने कमी करून किडनी जपतात. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी किडनीचा ऱ्हास मंदावतो, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसले. कोणाला द्यायची ते तुमचे डॉक्टर ठरवतील. दुकानातून आपल्या मनाने आणू नका. गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक न लिहिलेली भस्मे यांनी खराब झालेल्या किडन्या मी दरवर्षी पाहतो.

ज्यांची किडनी खरोखरच शेवटच्या टप्प्यात आहे त्यांनी घरातल्यांना एकत्र बसवून बोलावे. १९९४ च्या अवयवरोपण कायद्यानुसार आईवडील, मुले, भावंडे, पती-पत्नी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात आली. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करण्याची सोयही त्याच दुरुस्तीने झाली. घरात कुणीच देणारे नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवावे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्यासाठी विभागीय समित्या आहेत. नाव जितके लवकर तितका नंबर पुढे. एक गैरसमज जाता जाता: रोपणात सहसा जुन्या किडन्या काढत नाहीत. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, कमरेच्या हाडाच्या खळग्यात बसवतात.

आणि फिस्टुलाचे. हातातील रोहिणी आणि नीला जोडून केलेली ही छोटी शस्त्रक्रिया आहे. ती शीर डायलिसिसची सुई घेण्याइतकी जाड व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात, म्हणून ती आधीच करायची असते. क्रिॲटिनिन वाढत असेल तर आजपासूनच ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. रक्त तपासायला आलेल्या मुलाला दुसरा हात पुढे करा आणि कारणही सांगा. फिस्टुला झाल्यावर त्या हाताने जड घागर उचलू नये, त्यावर घड्याळ किंवा घट्ट बांगड्या घालू नयेत, आणि रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून थरथर लागते का पाहावे. लागली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पुढील आठवड्यात: डायलिसिसच्या रुग्णाने काय खावे आणि पाणी किती प्यावे.